मोमोचे सामान्यरूप

नल्लकुंट्यात शंकर मठ आणि फीवर हॉस्पिटल यांच्यामधल्या भागात संध्याकाळी चायनीजच्या गाड्या लागतात. त्यांतल्या एका गाडीवर मी आणि माझी एक मैत्रीण महिन्यातून एकदा तरी जातो. ती तेलुगूची प्राध्यापक, मी मराठीची. ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान, म्हणून मला 'अक्का' म्हणते. हा शब्द मराठीतही आहे आणि आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांत तो कानडीतून आलेल्यांच्या यादीत दिलेला असतो. तेव्हा ती मला कोणत्या भाषेत हाक मारते, हे आम्ही कधी ठरवले नाही. बाकी बोलणे दखनीत चालते.

मागच्या श्रावणात वाफाळलेल्या मोमोंची बशी समोर आली तेव्हा तिने विचारले, "अक्का, इसकू मराठी में क्या बोलते?"

मी म्हणाले, "मोमो."

"वो तो हम भी बोलते. मराठी में क्या बोलते?"

तीस वर्षे मराठी शिकवणारीला हा प्रश्न चटणीपेक्षा जास्त झोंबला. मी गडबडीने "चिनी मोदक" असे काहीतरी म्हणाले. ती हसली आणि म्हणाली, "नक्को अक्का, बप्पा नाराज होइंगे."

तिच्या 'नक्को'पासूनच सुरुवात करायला हवी. दखनीतला 'नक्को' हा मराठीच्या 'नको'तून गेलेला शब्द. हैदराबादची ओळख म्हणून सिनेमावाले जो शब्द पात्रांच्या तोंडी घालतात, तो आपल्या घरचा आहे. निश्चयार्थी 'च'सुद्धा दखनीने मराठीतून उचलला. पदार्थाचे नाव पदार्थाबरोबर येते, त्यात नवल नाही. पण नकार आणि निश्चय दुसऱ्या भाषेतून येतात तेव्हा दोन समाज बराच काळ एका अंगणात राहिलेले असतात. आपण हे अभिमानाने सांगतो आणि तेवढ्याच कळकळीने आपल्या भाषेत आलेल्या परक्या शब्दांविषयी तक्रार करतो. त्या संध्याकाळी माझी तीच अवस्था होती.

पाटीकडे पाहिले. वर तेलुगू, खाली इंग्रजी. व्हेज नूडल्स, एग नूडल्स, शेजवान राईस, गोबी मंचूरिया, मोमोज. यांतल्या प्रत्येक शब्दाने लांबचा प्रवास केलेला आहे. 'चाऊमीन'मधले 'चाऊ' म्हणजे परतणे आणि 'मीन' म्हणजे गव्हाच्या पिठाचे तंतू. 'हाक्का' हे दक्षिण चीनमधल्या एका समाजाचे नाव; त्याचा अर्थ पाहुणी कुटुंबे. हे लोक कोलकात्यात आले, टँग्रा भागात चामड्याचे कारखाने चालवू लागले, आणि त्यांच्या घरच्या रांधण्यात आपले आले-लसूण-मिरची मिसळून जे झाले ते देशभर 'चायनीज' म्हणून पोहोचले. १९६२ च्या युद्धानंतर याच समाजातल्या कित्येकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबले होते, ही गोष्ट नूडल्स खाताना कोणाला आठवत नाही. 'शेजवान' म्हणजे सिचुआन प्रांत. त्याच्या जुन्या रोमन स्पेलिंगचा आपण आपल्या पद्धतीने केलेला उच्चार. सिचुआनच्या माणसाला आपली शेजवान चटणी ओळखू येणार नाही.

मंचुरियनची गोष्ट त्याहून गमतीची. कोलकात्यात वाढलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात हा पदार्थ पहिल्यांदा केला, असे सांगितले जाते. मांचुरिया प्रदेशाशी त्याचा संबंध फक्त नावापुरता. मुंबई-पुण्यात हा शब्द 'मंचुरियन' राहिला, तर तेलुगू मुलखात त्याचा 'मंचूरिया' झाला. या एका 'न'मुळे मराठीत केवढा फरक पडतो, ते पुढे येईलच.

मोमो तिबेटी. तिबेटी भाषेत 'मोग-मोग', आणि वायव्य चीनच्या बोलीत वाफवलेल्या पावाला 'मोमो' म्हणतात. दोन्हींचे नाते मानले जाते. ल्हासा-काठमांडू व्यापार करणाऱ्या नेवार लोकांनी तो नेपाळात आणला, असे सांगतात. १९५९ नंतर तिबेटी निर्वासितांबरोबर तो भारतातल्या अनेक गावांत पोहोचला. आमच्या गाडीवरचा मुलगा दार्जिलिंगकडचा आहे. त्याच्या भाषेतही तो मोमोच.

मग 'चिनी मोदक' का चालत नाही? कोणी म्हणेल, आकार तर तोच: पारी, सारण, वर चुण्या, आणि वाफ. पण मोदकाची पारी उकडीची असते. तांदळाच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. ते कच्चे भिजवून पातळ लाटू गेले तर तडकते. म्हणून आधी उकळत्या पाण्यात उकड काढावी लागते, मळावी लागते, आणि पारी बोटांनी करावी लागते. मोमोची पारी मैद्याची, कच्ची भिजवलेली आणि लाटलेली. त्या हिशेबाने मोमोचा जवळचा नातेवाईक मोदक नव्हे, तर नागपंचमीचे दिंड. कणकेची पोळी, आत पुरण, चारी बाजूंनी दुमडायचे आणि वाफवायचे. त्या दिवशी चिरू नये, तळू नये, तवा चढवू नये, म्हणून वाफेवरचा पदार्थ. मैत्रिणीने तिकडून 'कुडुमु' पुढे केला. विनायक चवितीला त्यांच्याकडे तांदळाच्या रव्याचे कुडुमुलु वाफवतात. त्यांना चुण्या नसतात. मी 'करंजी' म्हटले, ती 'कज्जिकाय' म्हणाली. त्यावर मी म्हटले, अनारसा तर आम्ही तुमच्याकडूनच घेतला, आमची शालेय व्याकरणे तो तेलुगूच्या यादीत लिहितात. ती म्हणाली, "तो मोमो भी ले लो, पैसा नहीं लगता."

शब्द घ्यायला पैसा लागत नाही, हे खरे. पण घेतला म्हणजे काय झाले? माझ्या मते परका शब्द मराठीत आला की नाही, हे शब्दकोशावरून ठरत नाही. तो सामान्यरूपावरून ठरतो.

विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात सांगते. विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्याआधी नामात जो बदल होतो त्याला आपण सामान्यरूप म्हणतो. घोडा–घोड्याला, पाणी–पाण्यात, दूध–दुधाचे. मराठीला हा बदल इतका अंगवळणी पडला आहे की तो न करणारा माणूस पहिल्या वाक्यात ओळखू येतो. आता आलेल्या शब्दांकडे पाहा. समोसा हा फारसीतल्या 'संबूसा'चा वंशज. चौदाव्या शतकात इब्न बतूताने मुहम्मद तुघलकाच्या दरबारातल्या मेजवानीच्या वर्णनात त्याची नोंद केली आहे. आपण 'पैसा–पैशात', 'मासा–माशाला' म्हणतो तसेच 'समोसा–समोशात' म्हणतो. 'सा'चा 'शा' करणे हा मराठीचा घरगुती नियम, आणि समोशाने तो निमूटपणे पाळला. (हल्ली पाट्यांवर 'समोस्याचे' असेही दिसते. तो दोष समोशाचा नाही.) बटाटा पोर्तुगीजांबरोबर आला आणि 'बटाट्याची भाजी' झाला. पावाचेही तेच. 'पावाची लादी' म्हणताना आपण लिस्बनचा विचार करत नाही.

सर्वांत लक्ष देण्याजोगे उदाहरण बिस्किटाचे. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे मराठी शब्दातला उपान्त्य दीर्घ 'ई' किंवा 'ऊ' सामान्यरूपात ऱ्हस्व होतो: गरीब–गरिबाला, फूल–फुलाचा. तत्सम शब्द मात्र जसेच्या तसे राहतात: शरीर–शरीरात. 'बिस्कीट'चे आपण काय करतो? 'बिस्किटाचा पुडा'. म्हणजे संस्कृतातला 'शरीर' मराठीत येऊन आजही आपला दीर्घ ईकार सांभाळून बसला आहे, आणि इंग्रजीतले बिस्कीट 'फुला'च्या पंगतीत जाऊन बसले. हे कोणा समितीने ठरवले नाही. लहान मुले, दुकानदार आणि चहात बिस्कीट बुडवणारे म्हातारे यांनी ते केले. नियम लिहिणाऱ्यांनी नंतर पाहिले.

आता चायनीजची पाटी या कसोटीवर लावू. 'मॅगी' हा एका कंपनीचा शिक्का, १९८३ मध्ये भारतात आला. पण शेवटी 'ई' असल्यामुळे शब्द लगेच स्त्रीलिंगी झाला: मॅगी केली, मॅगीत वाटाणे घातले. त्याला काहीच अडले नाही. 'फ्राइड राईस' भाताच्या आधाराने पुल्लिंगी: राईस खाल्ला. 'चायनीज' हे खरे तर विशेषण, पण आपण त्याचे नाम केले आणि नपुंसकलिंग दिले: काल चायनीज खाल्लं. 'खाणं', 'जेवण' या शब्दांची सावली त्यावर पडली असावी. 'मंचुरियन'ही तसेच, 'मंचुरियन मागवलं'. आणि व्यंजनान्त असल्याने 'मंचुरियनमध्ये', 'मंचुरियनवर' असे बिचकत चालते. 'मंचुरियनात' अजून कोणी म्हणत नाही. आता हैदराबादचा 'मंचूरिया' घ्या. शेवटी 'आ', म्हणजे मराठी कानाला तो सरळ पुल्लिंगी आकारान्त: 'मंचूरिया खाल्ला', 'मंचूरियाचा रस्सा'. पुण्याची माझी भाची इथे आली की या वाक्याला हसते. माझ्या मते आमचे रूप तिच्या रूपापेक्षा एक पायरी जास्त मराठी आहे, आणि ते तेलुगूच्या कृपेने.

हैदराबादी मराठीत हे असे चालत आले आहे. तेलुगूत गावाचे नाव 'नल्लकुंट', शेवटचा अकार ऱ्हस्व. 'नल्ल' म्हणजे काळे आणि 'कुंट' म्हणजे तळे. आम्ही त्याला कानामात्रा देऊन 'नल्लकुंटा' केले आणि घोड्याच्या चालीने चालवले: नल्लकुंट्याला जाऊन येते, काचीगुड्यात भेटू. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आम्ही इथेच राहिलो. शाळा कमी झाल्या, नातवंडे इंग्रजीत हसू लागली. तरी घरातल्या घरात 'काचीगुड्यात' म्हणणारे लोक आहेत, तोवर ते गाव आमच्या व्याकरणात आहे.

मोमोपुढे अडचण वेगळी आहे. मराठीत ओकारान्त नामे फार थोडी. 'बायको' आहे, पण ती अनेकवचनात 'बायका' होते. एकापेक्षा अधिक मोमोंना 'मोमा' म्हणून चालणार नाही. म्हणून मोमो 'फोटो', 'किलो' यांच्या रांगेत उभा राहतो. एक फोटो, दोन फोटो, फोटोत, फोटोंना. एक मोमो, दोन मोमो, मोमोत, मोमोंना. लिंग? मोदक, समोसा, वडा यांच्या ओळीत तो आपोआप पुल्लिंगी झाला. एवढे सरळ असताना पाट्यांवर 'मोमोज' लिहितात. तिबेटी नामाला इंग्रजी अनेकवचन लावायचे आणि वर मराठीचा प्रत्यय: 'मोमोजला', 'मोमोजची प्लेट'. 'एक मोमोज दे' असेही ऐकले आहे. 'मोमो' या शब्दाविषयी माझी तक्रार नाही. हा 'ज' मात्र मला खटकतो, कारण तो सामान्यरूपाच्या दारात आडवा पडतो. 'नूडल्स'मध्ये तर तो इतका पक्का बसला आहे की 'नूडल' म्हटले की काहीतरी तुटल्यासारखे वाटते.

मैत्रिणीला यातली निम्मी डोकेदुखी नाही. तेलुगूत एकवचनी क्रियापदापुरते दोनच वर्ग, पुरुष आणि उरलेले सगळे. मोमो असो, बशी असो की बाई असो, प्रत्यय एकच. ("तुम लोगां तो प्लेट कू भी औरत बना देते," ती म्हणाली. मी म्हटले, तुम्ही आम्हाला बशीबरोबर बसवता, त्याचे काय?) त्यांची कसोटी दुसरी: परका शब्द आला की शेवटी 'उ' लावायचा. बस्सु, कारु, रोड्डु. तेलुगूलाही सामान्यरूप आहे, 'इल्लु' म्हणजे घर आणि 'इंट्लो' म्हणजे घरात. पण आलेल्या शब्दांना ते इतके वाकवत नाहीत. प्रत्येक भाषेचा उंबरठा निराळा.

हे सगळे बोलता बोलता मला माझीच एक चूक आठवली, आणि मोमो निवले.

बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात आदिलाबादकडची एक मुलगी होती. 'माझे वडील' या विषयावर तिने निबंध लिहिला. वडिलांची फास्ट फूडची गाडी होती. त्यात एक वाक्य असे होते की गिऱ्हाईक जास्त असले की बाबा नूडल्स उंच उडवतात, आणि गिऱ्हाईक नसले की हळू परततात. मी लाल पेनाने 'नूडल्स' खोडून 'शेवया' केले. 'उडवतात'सुद्धा खोडले, कारण शेवया कोणी उडवत नाही. निबंध तिने वर्गात वाचला तेव्हा 'बाबा शेवया परततात' या वाक्यावर मुले हसली. सगळ्यांना ठाऊक होते की त्या गाडीवर शेवया नव्हत्या. ती पास झाली, पण वार्षिकांकासाठी मी मागितले तेव्हा तिने काही दिले नाही. त्या वेळी मला वाटले, मुलगी आळशी आहे.

माझी दुरुस्ती शब्दाच्या पातळीवर चूक होतीच; पदार्थाच्या पातळीवर त्याहून जास्त. शेवई म्हणजे नूडल नव्हे. आमच्याकडे उन्हाळ्यात बाजेवर पाट तिरका टेकवून मावश्या शेवया काढत, तळहाताखालून तार सुटे, मुली ती काठीवर झेलून वाळत टाकत. त्या वाळवणाच्या, दुधासाखरेबरोबर नाही तर आमरसाबरोबर खायच्या. भावप्रकाशात 'सेविका' म्हणून जी कृती आहे ती गव्हाच्या पिठाच्या जवाएवढ्या बारीक वळ्या वाळवून दुधात शिजवण्याची. ती शेवयांपेक्षा आपल्या गव्हल्यांच्या जवळची वाटते. चीनमध्ये पिठाची दोरी ओढून, दुमडून, पुन्हा ओढून तंतू काढतात, त्याला 'लामियन' म्हणतात, म्हणजे ओढलेले. ते ताजेच उकळत्या पाण्यात पडतात आणि तिखटमिठाचे खातात. छिंगहाई प्रांतातल्या लाजिया इथे उत्खननात सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचा नूडल्सचा वाडगा सापडला, त्यातले तंतू भरडधान्याचे होते. ते संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हीकडे हात तेच करतात, पण ताट वेगळे. मराठवाड्यात तिखट रश्शात शिजणारे पिठाचे तुकडे हवे असतील तर शेंगोळे आहेत, वरणफळे आहेत. त्यांची नावे मला निबंध तपासताना सुचली नाहीत. सुचली असती तरी ती घालणे चूकच ठरले असते. बाबा शेंगोळेही विकत नव्हते.

मैत्रीण ऐकून घेत होती. मग तिने गाडीवरच्या मुलाकडे बोट दाखवले. तो मैद्याची छोटी लाटी घेई, पारी लाटे, मध्ये सारण ठेवी आणि अंगठ्याने कड पुढे ढकलत गोल फिरवी. "ये क्या कर रहा, बोलो."

इथे मला अडले नाही. चुण्या घालतो आहे. कोकणातल्या बाया म्हणतील मुखऱ्या पाडतो आहे, कोणी कळ्या म्हणेल, कोणी पाकळ्या. करंजीसारखा अर्धगोल करून कड वळत गेला तर मुरड घालतो आहे. सारण जास्त झाले तर पारी फाटते, कमी झाले तर मोमो बसतो. सगळे मिटले की वर उरते ते तोंड. यातला एकही शब्द मला उसना घ्यावा लागला नाही आणि एकही शब्द त्या मुलाच्या कामाला परका वाटला नाही. तिनेही तेलुगूतले शब्द सांगितले. मी ते बिलाच्या मागे लिहून घेतले.

घरी आल्यावर लक्षात आले की हे शब्द माझ्या विद्यार्थ्यांना येत नाहीत. 'मोमो' येतो, 'मुरड' येत नाही. नखुल्या, मालत्या, बोटवे, गव्हले ही हाताने वळलेल्या प्रकारांची नावे पूर्वी रुखवतात दिसत. आता रुखवतात प्लास्टिकची नाव असते. पदार्थाचे नाव बाहेरून आले म्हणून आपण घाबरतो, आणि क्रिया सांगणारे शब्द घरातून निघून जातात तिकडे आपली पाठ असते. लाल पेन मी नेमके उलट्या बाजूला चालवले होते. 'उडवतात' हे त्या निबंधातले सर्वांत चांगले मराठी होते, आणि तेच मी खोडले.

त्या मुलीचा पत्ता मी जुन्या यादीतून शोधला आणि पत्र लिहिले. उत्तर आले नाही. तेही ठीक आहे.

यंदापासून पहिल्या वर्षाच्या वर्गात मी एक तास यासाठी ठेवते. घरी, गाडीवर, खाणावळीत ऐकलेले वाक्य जसेच्या तसे लिहून आणायचे, खोडाखोड नाही. मग लिंग, वचन, सामान्यरूप फळ्यावर मांडायचे. 'पिझ्झा–पिझ्झ्यात'वर एकमत झाले. 'बर्गर'वर थोडा वाद झाला आणि पुल्लिंग जिंकले. मोमोतला 'ज' काढायला निम्मा वर्ग तयार झाला. नूडल्सवर मात्र गाडी अडून बसली आहे: काचीगुड्याकडची मुले 'नूडल्स केले' म्हणतात, निजामाबादकडच्या दोघी 'नूडल्स केल्या' म्हणतात, आणि दोन्हीकडच्या आया त्यांच्याच बाजूने आहेत. मैत्रिणीला सांगितले तर ती म्हणाली, पुढच्या खेपेला त्या दोघींना गाडीवर घेऊन ये, खाताना काय म्हणतात ते पाहू.